सिंधूताईंचं झुंबर

डोणगावात फोटोला चौकटी करून देणाऱ्या सिंधूताईंनी जन्मात कुणाशी भांडण काढलं नाही. त्यांच्यावर ती वेळ आणली गेली, याचा माझा संताप अजून उतरलेला नाही.

आमच्या जुन्या शाळेच्या दारांवर लाल, निळ्या, पिवळ्या काचांची तावदानं होती. शाळा पाडली तेव्हा ठेकेदारानं ती मलब्यात लोटली. सिंधूताईंनी मुख्याध्यापकांना विचारून तुकडे टोपल्यात भरून नेले. महिनाभर दुकान सांभाळून त्या काचा घासत होत्या, हिरा बसवलेल्या कलमानं कापत होत्या. चौकटींच्या उरलेल्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवला, तारेत ओवला आणि हे झुंबर नव्या शाळेच्या पूर्वेकडच्या व्हरांड्यात स्वतः टांगलं. सकाळी फरशीवर रंग सांडायचे आणि पहिलीच्या मुली त्यात पाय ठेवून उभ्या राहायच्या.

मग नव्या इमारतीचं उद्घाटन आलं. आमच्याकडे पंखा दिला तर तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, हे मान्य. पण शाळा समितीचे अध्यक्ष वामनराव यांनी या झुंबराला साधी खुंटीसुद्धा दिली नव्हती. तरी त्या दिवशी पहाटे पेंटर बोलावून त्यांनी काचाकाचांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहून घेतलं: ‘कै. माणिकराव यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

सिंधूताई आल्या. त्यांनी आधी फरशी पाहिली, मग वर पाहिलं.

“हे काऊन केलं, वामनराव?”

“तुमचं बी नाव टाकू ना ताई, खाली, बारीक अक्षरात.”

“मले नाव नाही पायजे. ऊन आलं पायजे यातून, म्हून केलं मी हे.”

त्या स्टुलावर चढल्या आणि ब्लेडनं रंग खरवडू लागल्या. वामनराव ओरडले, “माह्या बापाचं नाव पुसून राह्यल्या तुम्ही!”

“नाव नाही, काच पुसून राह्यली.”

“नावाशिवाय इथं काही टांगायचं नाही!”

आम्ही पन्नास शहाणी माणसं खुर्च्यांवर बसून होतो. मी या शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण खुर्चीतून उठलो नाही. सिंधूताईंनी झुंबर उतरवलं, पदरात गुंडाळलं आणि निघून गेल्या.

आता ते त्यांच्या दुकानासमोर टांगलेलं असतं. शाळेत नुसता हूक आहे. वामनरावांनी त्याच्या शेजारी भिंतीवर तेच नाव पुन्हा लिहून घेतलंय, सप्रेम भेटीसकट. परवा ते वाचून एका मुलीनं मला विचारलं, “सर, भेट कोणती?”