रत्नपाल आणि टॉवरवरचा डबा

आमचा रत्नपाल काय काम करतो हे आमच्या हट्टा गावात कुणाला माहीत नाही, आणि सांगायची हौस मात्र त्याला दांडगी. त्यामुळे हल्ली माणसं त्याला काही विचारायचंच टाळतात. मी त्याची मोठी बहीण राणी, इथल्याच शाळेत शिकवते. मलासुद्धा त्याचं काम समजायला आमच्या बाबांना लकवा व्हावा लागला.

दोन वर्षांपूर्वी वसमतहून मुलीकडची मंडळी आली होती. मुलीच्या मामांनी साधा प्रश्न विचारला, "काम काय करता, पावणं?" इंजिनियर आहे, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, एवढं म्हणून विषय मिटला असता. पण आमचं रत्न म्हणालं, "कॉम्प्युटरच्या अगदी आत एक मूळ प्रणाली असते. इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीचे बारीक तुकडे कोणत्या क्षणी बाहेर सोडायचे, ते ती घड्याळ बघून ठरवते. ते घड्याळ मी जास्त अचूक करतो."

"किती अचूक?"

"सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्याही आत."

मामांनी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते कित्येक वर्षांपासून वीस मिनिटं पुढं पळतंय आणि सेकंदाचे हजार भाग करणाऱ्या या माणसानं त्याला अजून हात लावलेला नाही. मामांनी चहा संपवला आणि मंडळी उठली. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

"नौकरी हाय म्हनायचं न् गप बसायचं," आई म्हणाली. "घड्याळाचं काहून काढलं?"

"खरं तेच सांगितलं," तो म्हणाला आणि वरच्या खोलीत निघून गेला. दिवसभर तो तिथं खिडकीशी बसलेला दिसतो. शेजारच्या सिंधूबाई शेळ्या हाकताना वर बघत जातात. एकदा त्यांनी मला रस्त्यात थांबवून अगदी काळजीनं विचारलं, "रत्नपाल दिसभर बसूनच ऱ्हातो, तब्येत बराबर न्हाई का त्याची?"

आमचे बाबा, कोंडीबा, या बाबतीत मुलाच्या अगदी उलट. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी म्हणून त्यांचा जन्म गेला. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, हे ते बांधावर उभं राहून ओरडून सांगत. पाण्याची पाळी संपली तरी आपल्या चारीचं, शेताला जाणाऱ्या छोट्या पाटाचं, दार उघडं ठेवणाऱ्याचा असा पाणउतारा करत, की तो गडी पुढची पाळी संपायच्या आधीच दार बंद करी. बोलणं हाच त्यांचा पगार होता असं आई म्हणायची.

आणि एका सकाळी ते गेलं. उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकदम. हात हळूहळू परत आला. कळत सगळं होतं, शब्द डोळ्यांत दिसायचा, पण ओठांवर यायचा नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी संभाजीनगरच्या सुकन्या मॅडमचं नाव दिलं. वाचा गेलेल्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. बाबांना गाडीत फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून ही शिकवणी मोबाइलवर, व्हिडिओ कॉलवरून सुरू झाली.

आता आजारी माणूस म्हटलं की भेटायला येणं आलंच. त्यात त्याची शिकवणी म्हणजे फुकटचा कार्यक्रम. मॅडमनी शेळीचं चित्र दाखवलं की बाबांनी तोंड उघडायच्या आत दारातून सिंधूबाई ओरडायच्या, "शेळी! शेळी म्हना, भाऊ!" मागून आणखी दोघं-तिघं जोर लावायचे. बाबा सगळ्यांकडे बघायचे आणि तोंड मिटून घ्यायचे.

दोन महिन्यांनी मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं, "शब्दाची सुरुवातच त्यांना येत नाहीये, ताई. शेवट कधीमधी येतो, सुरुवात नाही. महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर मी थांबवते. माझ्याकडे दुसरे पेशंट ताटकळलेत."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ते शिकवणीला बसेनात. मला रडू आलं आणि संतापही आला. मॅडमचा, देवाचा, दारातल्या गर्दीचा, आणि खाली काय चाललंय याचा पत्ता नसलेल्या माझ्या भावाचा.

पत्ता होता म्हणे. संध्याकाळी तो खाली आला. वाटलं, बाबांच्या पाठीवरून हात फिरवील, चार शब्द बोलेल. यानं मॅडमना फोन लावून विचारलं, "तुम्हाला तिकडे जे ऐकू येतं, ते रेकॉर्ड करून पाठवाल का?" पुढच्या वेळी बाबांना कसंबसं बसवलं आणि यानं इकडे खाटेशेजारी दुसरा मोबाइल ठेवून तेच रेकॉर्ड केलं. मग दोन्ही मला ऐकवलं. आमच्या खोलीत बाबा म्हणत होते, "शे... ळी." फार क्षीण, ओढत, पण म्हणत होते. मॅडमच्या रेकॉर्डिंगमध्ये 'शे'च्या जागी काही नव्हतं. नुसता 'ळी' होता.

"ताई, बाबा बोलून राहिले," रत्नपाल म्हणाला. "पोचून नाही राहिलं."

तुमच्या-माझ्या बोलण्यातला एखादा तुकडा गळाला तर ऐकणारा अंदाजानं भरून काढतो. बाबांचा शब्द मुळात अर्धा. त्यातला अर्धा नेटनं खाल्ल्यावर मॅडम तरी कशाचा अंदाज करणार? आणि त्याचा ठपका कुणावर, तर बाबांवर.

गावात नेट देतो भीमसिंग. गावाबाहेर त्याचा टॉवर आहे आणि टॉवरवर एक स्वस्तातला डबा, जो घराघराला नेट वाटतो. भीमसिंगकडे जगातल्या सर्व आजारांवर एकच औषध आहे. "बंद करून चालू केला का?" त्यानं विचारलं. रत्नपालनं केला. 'शे' काही आला नाही.

मग त्यानं डब्याच्या आत काय चालतं ते मला समजावलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला ते समजलं, कारण त्यानं ते पाटकऱ्याच्या भाषेत सांगितलं. प्रत्येक घरातून येणारा तुकडा डबा रांगेत थांबवतो आणि ठरल्या क्षणी पुढं सोडतो. पण डबा घड्याळाकडे बघतो सेकंदातून शंभर वेळा. मला तर तेच पुष्कळ वाटलं. रत्नपालच्या मते हा शुद्ध आळस. दोन बघण्यांच्या मध्ये ज्यांची वेळ होऊन जाते ते सगळे तुंबतात, आणि पुढच्या वेळी डबा त्यांना एकदम सोडून देतो. पाटकऱ्यानं उशिरा येऊन सगळी दारं एकदम उघडावीत आणि पुढची चारी फुटावी, तसं. पुढच्या वाटेवर तेवढी जागा नसते. काही तुकडे सांडतात, काही इतके उशिरा पोचतात की पलीकडचा फोन त्यांना फेकून देतो. बाबांचा 'शे' तिथं सांडत होता.

"मग दुरुस्त कर," मी म्हणाले.

त्यानं केला. डब्याला घड्याळाकडे दसपट वेळा बघायला लावलं. बिचारा डबा नुसता घड्याळच बघत बसला आणि बाकीचं काम त्यानं सोडून दिलं. हे झालं नेमकं क्रिकेटच्या फायनलच्या दिवशी. सगळ्या हट्ट्याचं नेट बसलं. भीमसिंग तावातावानं आमच्या अंगणात आला. "घड्याळाच्या नादात डबा तापवला ना, भाऊ! पब्लिक माझ्या दारात उभी हाय!" त्या दिवशी गावाला रत्नपालचं काम अखेर समजलं. नेट बंद पाडणारा तो हाच.

डब्याच्या आतही त्याच्या कामातली तीच मूळ प्रणाली होती. ती सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींना त्यानं लिहिलं. ही मंडळी कुठल्या कुठल्या देशांत बसून एकमेकांच्या कामातल्या चुका काढतात, तेही सगळ्यांसमोर. त्यांचं उत्तर आलं. तुझा उपाय यंत्राला विनाकारण जागं ठेवतो, नीट मोजमाप नाही, पुन्हा करून आण, अशा अर्थाचं. मला ते वाचून त्याची कीव आली. तो आनंदानं खाली धावत आला, "ताई, त्यांनी उत्तर दिलं!" त्यांच्यात म्हणे शिव्या खाणं हा मान असतो.

त्यातूनच त्याला वाट सापडली. घड्याळाकडे सारखं बघायचंच नाही. रांगेतल्या पहिल्या तुकड्याची वेळ पाहायची, बरोबर त्या क्षणाचा गजर लावायचा आणि तोवर खुशाल झोपायचं. मी म्हटलं, एवढी अक्कल साऱ्या जगाला आधीच सुचायला हरकत नव्हती. "सुचली होती," तो म्हणाला, "पण या जुन्या डब्यांपर्यंत ती आणायला कुणाला सवड नव्हती." ते काम पुढं बऱ्याच वेळा नाकारलं जाऊन, दुसऱ्या कुणीतरी निम्मं पुसून लिहून, त्या जागतिक प्रणालीत गेलं. हट्ट्यात त्याचा पेढा वाटला गेला नाही. वाटला असता तर कशाबद्दल, ते सांगावं लागलं असतं.

भीमसिंग डब्याला पुन्हा हात लावू देईना. महिना संपायला आला होता. शेवटी आई त्याच्या घरी जाऊन बसली, काही न बोलता, चहालाही नको म्हणून. तासाभरानं तो वैतागून म्हणाला, "लाव म्हनावं पोराला काय लावायचं ते. आता बंद पडलं तर टॉवरलाच बांधीन त्याला." नवा गजर डब्यात बसला. नेट चालू राहिलं.

शेवटच्या शिकवणीला सुकन्या मॅडमनी कॉल लावला आणि पहिल्याच चित्राला कपाळाला आठ्या घातल्या. "मागून कोण सांगतंय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजवर मॅडमना दारातला गोंधळ तुटक ऐकू यायचा, आज स्वच्छ गेला होता. चौकशीत असंही निघालं, की थोडीफार प्रगती म्हणून मॅडमनी ज्या शब्दांचे गुण बाबांना दिले होते, त्यातले निम्मे सिंधूबाईंचे होते. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढायला लावलं. "आमी मदत करून राहिलो व्हतो," म्हणत सिंधूबाई नाक मुरडून गेल्या.

बाबांना पुन्हा शेळी दाखवली. "शे... ळी." मॅडम पुढं झुकल्या. विळा दाखवला. "वि... ळा."

"सुरुवात येतेय की!" मॅडम म्हणाल्या. "आता चित्र नाही, काका. तुमच्या पत्नीचं नाव सांगा."

बाबा गप्प.

रत्नपाल लॅपटॉपवर डोळे लावून होता. तुकडे वेळेवर जात होते, एकही सांडत नव्हता, आणि त्यांत काहीच नव्हतं. ही शांतता डब्याची नव्हती. त्याचा चेहरा उतरला, कारण आता दोष द्यायला त्याच्याकडे कुणी उरलं नव्हतं. मला कारण ठाऊक होतं. बाबांनी लग्नापासून आईला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'ऐकलं का' आणि 'राणीची माय' यावर त्यांचा संसार झाला. मी बोलायला तोंड उघडलं, तर मॅडमनी बोट दाखवून मला गप्प केलं. त्यांचा पेन वहीवर टेकला होता.

आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली. "घ्या की नाव," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाई शिकवनं बंद करतील, कळंना का तुमाला?"

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रत्नपालकडे पाहिलं, मग खाली मांडीकडे. जीभ वर गेली, तिथं अडली, पुन्हा गेली.

"ल..."

मॅडम पुन्हा पुढं झुकल्या.

"ल... क्ष्मी."

"आलं!" मॅडम हसल्या आणि त्यांनी पेन बाजूला ठेवला. "अगदी स्पष्ट आलं. सोमवारी पुढचा धडा घेऊ."

रत्नपालनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. आईनं पदर ओठांवर धरला, "या वयात, पोरायपुढं, लाज न्हाई," असं काहीतरी पुटपुटली आणि आत वळली. दारातच थांबली.

"रत्नपाल," पाठमोरीच म्हणाली, "अजून येकदा घ्यायला सांग त्यायला. बाईला बराबर ऐकू गेलं नसंल."