वरच्या रानातली माती

मी बाटल्यांची पेटी घेऊन बांधावर दिसलो की मामा सदऱ्याची बाही वर सारून मनगट पुढं करायचे. "घ्या सायेब. आधी माजं रगत काडा, मंग हिरीचं."

मी विहिरीतून नमुना भरत असताना पुढचा प्रश्न ठरलेला. "मागल्या खेपेचा रिपोर्ट काय म्हन्तो? पाण्याला साखर तर न्हाई ना निघाली?" साखर कारखान्यांच्या मुलुखात हा विनोद त्यांना कधी शिळा वाटला नाही. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे.

माजलगावकडं एका बंद पडलेल्या डिस्टिलरीच्या मागं तिच्या काळ्या सांडपाण्याचा खड्डा होता. वर्षानुवर्षं ते पाणी मातीत मुरलेलं. ती माती उकरून लांब न्यायची ठरली. उकरताना आसपासच्या विहिरींना काय अपाय होईल, ते आधी सांगणं माझं काम. थोडक्यात, साफसफाईनं किती घाण होईल याचा अंदाज बांधायचा. सगळ्यात जवळची विहीर मामांची. घर, ज्वारी, मेंढरं, सगळं तिच्यावर.

मी लिहून दिलं होतं की उकरलेली माती ताडपत्रीवर ठेवावी, झाकावी, लगेच हलवावी. ताडपत्री आली नाही. न्यायच्या गाड्याही आल्या नाहीत. काळ्याशार मातीचा ढीग उन्हात पडून राहिला.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं उन्हाळ्यात काळ्या मातीचा ढीग दिसला की लोक काय समजतात? गाळ. तलावातला गाळ उपसून हलक्या रानात टाकायला ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. मामांचं विहिरीच्या वरच्या अंगाचं रान असंच मुरमाड होतं.

चहा पिताना विषय निघाला. मामी म्हणाल्या, "इतका वास मारतोय त्याचा, रानात कावून टाकायचा?"

"अगं, वास मारतोय म्हंजेच कस हाय त्यात. शेणाला काय अत्तराचा वास येतो?" मामा माझ्याकडं वळले. "काय सायेब? टाकावं का?"

ती माती रानात जाता कामा नये, हे मला पक्कं माहीत होतं. पण नको म्हटलं की कारण सांगावं लागलं असतं. ढीग उघडा पडलाय हे वर कळवावं लागलं असतं, काम थांबलं असतं, आणि पुढचं काम मला कुणी दिलं नसतं. मी बशी तोंडाला लावली आणि म्हणालो, "बघू."

साहेबाचं 'बघू' म्हणजे आमच्या भागात होकारच. पुढच्या खेपेला गेलो तर ट्रॅक्टर वरच्या रानात रिकामा होत होता. मामांनी लांबून हात केला. मीही केला. बाटल्या भरल्या आणि निघालो.

पावसाळा सरता सरता त्यांचा फोन आला. "मेंढरं पाणी पीनात. तुमी जरा या."

मामांनी बादली काढून माझ्यापुढं ठेवली. "चहा झालाय बगा," ते म्हणाले. मामी हसल्या नाहीत. "माती परत काडता यील का?" त्यांनी विचारलं.

यावेळी मी खरं ते सांगितलं. मातीतलं विष पावसाच्या पाण्याबरोबर मुरमात उतरलंय. वरून उकरलं तर उघड्या मुरमातून आणखी खाली जाईल. नाही उकरलं तर आहे तसं राहील, किती पावसाळे ते सांगता येत नाही.

"म्हंजे कायबी करू ने?" मामी म्हणाल्या.

"हो."

मग मामाच माझी समजूत घालायला लागले. "तुमाला तरी काय म्हाईत हुतं, सायेब." मी होकारार्थी मान हलवली. त्या 'बघू'पेक्षा ही हललेली मान मला जास्त छळते.

दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन शिरूर कासारकडं, लेकीच्या गावी गेले. जिथून माणसं आमच्याकडं ऊस तोडायला येतात तिथं. "तिथं पाणी टँकरचं," निघताना म्हणाले. "पन टँकर बदलता येतो."

परत आले नाहीत. वाटसरूनं चुकून उतरू नये म्हणून जाण्याआधी त्यांनी विहिरीच्या पायऱ्यांवर बोरीच्या काट्या रचल्या होत्या. नमुना घ्यायला मी अजून जातो. काट्या बाजूला करतो, खाली उतरतो, वर येऊन परत रचतो. त्यांनी रचल्या होत्या तशा त्या घट्ट बसत नाहीत. कितीही दाबल्या तरी मधे फट राहते, तहानलेला माणूस शिरेल एवढी.