चिंचांखालचं खत

१९९३ च्या गुढीपाडव्याला निंबर्ग्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या पाच चिंचांखालच्या खताचा लिलाव चौदाशे रुपयांना सुटला. पंच, गुरव, चार-पाच बोलीवाले आणि मी हजर होतो; बोली माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या यजमानांनी, दाजींनी घेतली. आदल्या साली तो तीनशेला सुटला होता. मधल्या काळात पोत्यातलं खत महागलं, म्हणून बोली चढली.

पावसाळ्यात त्या चिंचांवर बगळे घरटी करत. बोली घेणारा उन्हाळ्यातच तळ्यातला गाळ झाडांखाली पसरून ठेवी. वरून पडणारी शीट त्यात मुरे. पिलं उडाली की तो गाळ शेतात न्यायचा. त्याआधी तिथं फावडं लावायचं नाही, असा गावाचा नेम होता.

त्या साली पाऊस उशिरा आला आणि बगळेही उशिरा बसले. जोंधळ्याची पेरणी तोंडावर आली तरी पिलांना उडता येत नव्हतं. मी दाजींना थांबायला सांगितलं.

"पेरणी काय पिलांसाठी थांबायलीय व्हय? तुम्ही दुकानदार माणूस, तुम्हाला जमिनीच्या वाफशाचं काय कळतंय?"

दुपारी मोठे बगळे चरायला जातात, तेवढ्यात उरकू, असा त्यांचा अंदाज. बैलगाड्या झाडांखाली शिरल्या. आवाजाने बिचकून पिलं घरट्यांतून सरकली आणि खाली पडली. काही आम्ही उचलून फांद्यांवर ठेवली, ती जगली नाहीत. आठवड्यात झाडं रिकामी झाली.

दाजींचा जोंधळा चांगला आला. अक्काने त्या साली त्याच्याच भाकरी थापल्या.

पुढच्या साली बगळे आले नाहीत. पक्ष्यांचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी गावात आला होता. समुद्रातल्या बेटांवर लोकांनी खतासाठी पक्ष्यांची शीट डोंगरासारखी खणून नेली आणि पक्षी बेटं सोडून गेले, असं त्याने सांगितलं. दाजींनी एकच विचारलं, "परत येतेत का?"

"सांगता येत नाही. झाडं राहिली तर आशा आहे."

पंच झाडं विकायचं बोलू लागले होते; लिलावाचे पैसे येत राहिले तरच ती उभी राहणार होती. दाजींनी रिकाम्या झाडांवर पुन्हा चौदाशेची बोली लावली आणि गाळ पसरला. तीन सालं असंच चाललं. दिवाळीपर्यंत गाळ तसाच, त्यावर फक्त चिंचेचा पाला.

मग त्यांचा मुलगा दाजी-अक्का दोघांना पुण्याला घेऊन गेला. त्या पाडव्याला बोलीला कुणी उभं राहिलं नाही, मीही नाही. आळंदच्या लाकूडवाल्याने पाच झाडांचे नऊ हजार रुपये पंचांना रोख दिले.