भिंतीकडचं बाकडं

समस्त अकोलेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मी एका माणसावर जळतो. कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळच्या हॉटेलात तो रोज कोपऱ्यातल्या बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून चहा पितो. कोणाशी बोलत नाही. गोंगाट वाढला की कान दाबून डोलायला लागतो. मग मालक रेडिओ बंद करतो आणि मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगत असलेली गोष्टही ऐन रंगात थांबवतो. "चूप बसा जी, त्याले तरास होते." आख्खं हॉटेल त्याच्यासाठी गप्प! माझ्यासाठी कधी झालं नाही.

परवा माझी गोष्ट साफ पडली. कोणी हसलंच नाही. मी मान खाली घालून बसलो. तेव्हा तो बाकड्यावर जरा सरकला आणि भिंतीकडेच पाहत एकदम बोलून गेला, "अठी बसा जी. अठून कोणाचं तोंड दिसत नाई. बरं वाटते."