हौशाची लस

भाईदासचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चोपड्याच्या मळ्यांत केळीचे घड खांद्यावर वाहून त्याने हौशा बैल घेतला होता. गुरांत लंपी आली तेव्हा गावाने लस टोचून घेतली. लसीने ताप येतो आणि पोळा चार दिवसांवर, म्हणून हा थांबला. डास-माश्यांसाठी कडुनिंबाचा धूर मात्र त्याने एक दिवस चुकवला नाही.

“सुई बैलले लागी, तुम्हले नई!” बायको द्रौपदाबाई हसली.

“पोळा व्हई जाऊ दे. उगाच धोका कसाले?”

पोळ्याच्या सकाळी हौशाच्या अंगावर गाठी उठल्या. शिंगांचा रंग डबीतच राहिला. अकराव्या दिवशी हौशा गेला. त्या आठवड्याच्या मजुरीतून खड्डा खणायला जेसीबी आला, आणि वर टाकायला चुना.