मुका सिनेमा

मामांनी तरुणपणी शिरूर-दौंडच्या जत्रांतून तंबूतला सिनेमा दाखवला. तंबू गेला, मशीन राहिलं आणि पत्र्याच्या डब्यात बिनआवाजाच्या जमान्यातलं एक विनोदी रीळ राहिलं. असं रीळ आता शोधूनही सापडत नाही. तेही इतकं कडक झालेलं की, फार तर आणखी एकदा फिरेल.

दोन वर्षांपूर्वी मामांचे कान पार गेले आणि ते माणसांत बसेनात. पारावर कुणी हसलं की त्यांना वाटायचं, आपल्यालाच हसतायत. त्यांनी पुन्हा एकदा माणसांत हसावं, एवढंच मला हवं होतं. रीळ लावू या, असं मी कागदावर लिहून दाखवलं. मामांनी डब्यावरची धूळ बाहीनं पुसली.

"लाव. ठिवून काय त्याचं लोणचं घालायचंय?"

तळेगाव ढमढेऱ्यात एक रिकामं गोदाम मिळालं. बाहेरच्या फळ्यावर मी झोकात लिहिलं, 'आज दुपारी मुका सिनेमा'. तासाभरात गावभर बोभाटा! बायका पोरांना घेऊन माघारी वळल्या आणि कीर्तनालाही न फिरकणारे म्हातारे पुढची जागा धरून बसले. शेजारच्या आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"भरदिवसा मुका? आन् त्योबी पोराबाळांफुडं? तू शिकलेला न्हवं?"

मी अकलेचा कांदा! मुकाट्यानं 'मुका' पुसून 'बिनबोलीचा' लिहिलं. बायका परत आल्या. म्हातारे कसनुसे होऊन बसून राहिले.

दारं लावली. फटींतल्या उन्हात धान्याची धूळ तरंगत होती. भिंतीवर राखाडी माणसं थरथरत उमटली. शिडी घेतलेला एक लठ्ठ गडी वळला आणि मागची अख्खी रांग आडवी झाली. कुठल्या मुलखातली, केव्हाच मरून गेलेली ही माणसं आमच्या गोदामात धडपडत होती. मला वाटलं, हे स्वप्न असेल तर कुणी उठवू नये. लोक पोट धरधरून हसत होते.

मामा मागं, मशीनवर तळहात ठेवून उभे. पुढं अंधारात नुसत्या पाठी. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणीच हसंना का रं?"

मी त्यांना हाताला धरून पुढं नेलं आणि लोकांकडे तोंड करून उभं केलं. भिंतीवरचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हलत होता. मामा एकेक चेहरा बघत गेले. आप्पा डोळे पुसत होते, एक म्हातारी पदरात तोंड खुपसून गदगदत होती.

"हसत्यात की!" मामा मोठ्यानं ओरडले आणि स्वतःच हसत सुटले. भिंतीवरच्या सिनेमाकडे त्यांनी शेवटपर्यंत वळून पाहिलं नाही.