मलावीत मी स्वयंपाक केला नाही

तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. अंगात रग होती, अक्कल बेताची होती आणि गुडघे अजून विचारून दुखायचे. आता सत्तरीला टेकल्यावर त्या एकसष्टीच्या पोरीकडे बघते तेव्हा हसू येतं. काय तिचा तोरा! पण एका बाबतीत मी तिची पाठ थोपटते. आफ्रिकेत जाऊन मी स्वयंपाक करणार नाही असं तिने सांगितलं होतं, आणि तिने तो केला नाही.

झालं असं, की रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी एक सूचना वाचली. तरुणांची एक ख्रिस्ती संघटना, सगळ्या पंथांची मिळून, मलावीला सेवेसाठी गट पाठवत होती. मलावी म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा छोटा देश, एका भल्यामोठ्या सरोवराच्या काठाचा. तिथल्या खेड्यात महिनाभर राहायचं, चर्चच्या शाळेला एक खोली बांधून द्यायची, मुलांना खेळ आणि गाणी शिकवायची. "इच्छुक तरुणांनी नावं द्यावीत," फादर म्हणाले. मी इच्छुक होते. तरुण कोणाला म्हणायचं ते काही त्यांनी वाचून दाखवलं नव्हतं.

गटाचा प्रमुख विरारचा. तिशीतला, वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर. गळ्यात क्रूस आणि शिट्टी शेजारी शेजारी. मला बघून त्याने आधी मागे पाहिलं, मी नातीला घेऊन आलेय की काय म्हणून.

"आंटी, हा युवांचा गट आहे."

"मग? मी काय त्यांना म्हातारं करणार आहे?"

"तसं नाही हो. पण बांधकाम आहे. उन्हातान्हाचं काम."

"वटारच्या वाडीत केळींना चाळीस वर्षं पाणी कोणी लावलं? तुझ्या आजोबांनी?"

तो जरा विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. तो उजेड मला चांगला ओळखीचा आहे. पुरुषाला बाईचा उपयोग सापडला की तो पडतो.

"आंटी, तुम्ही किचन सांभाळाल? मुलांना घरचं जेवण मिळेल!"

"नाही," मी म्हटलं.

लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी हातात पळी दिली होती, ती अजून सुटली नव्हती. वाडीवरच्या माणसांचं जेवण, बाप्तिस्म्याचं, मयताचं, नाताळात तळायच्या गोल फुग्या, वर रोजचा डबा. मी आजवर शिजवलेल्या भातात आमची विहीर बुजली असती. म्हणून त्याला स्पष्ट सांगितलं, "विटा उचलीन, पोरांना खेळवीन, संडास धुवीन. चुलीला हात लावणार नाही. चालत असेल तर सांग."

"बघू आंटी," तो म्हणाला. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ, तिथे गेल्यावर म्हातारी वळेल.

घरी मुलाने डोक्याला हात लावला. "आई, तिकडे साप असतात."

"आणि आपल्या वाडीत काय ससे फिरतात?"

"पण तू तिकडे जाऊन करणार काय?"

"तेच बघायला चाललेय."

पैसे माझे होते, सोनचाफ्याच्या फुलांचे, त्यामुळे त्याला पुढे बोलता येईना. सून भांडी लावत होती. तो बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आई, खरंच नाही करणार स्वयंपाक?"

"नाही."

"मग जाच तुम्ही."

निघायच्या आधी गटातल्या मुलांच्या आया एकेक करून दारात आल्या, प्रत्येकीच्या हातात घरच्या मसाल्याची पुडी. "आंटी, आमच्या पोराला कोलंबीत हाच मसाला लागतो हं." मी सगळ्या पुड्या ठेवून घेतल्या. मला कोणी काही विचारलंच नव्हतं, मग नाही कशाला म्हणायचं?

मलावीतलं ते गाव म्हणजे लाल माती, पत्र्याच्या छपराचं चर्च आणि भोवती आंब्याची झाडं, अगदी आपल्यासारखी. लोकांनी गाणी म्हणत आम्हाला आत नेलं. आम्हा पाहुण्यांना खुर्च्या, गावातल्या बायका खाली चटईवर. मी माझ्या खुर्चीत राणीसारखी बसले. आता ते आठवलं की त्या एकसष्टीच्या पोरीला एक चापट द्यावीशी वाटते.

पहिले काही दिवस मी विटा हातोहात पुढे दिल्या. मुलांना लंगडी शिकवायला गेले आणि पहिल्याच फेरीत मैदानात आडवी झाले. मुलांना वाटलं खेळ असाच असतो. मग सगळी रांगेने येऊन माझ्या शेजारी धप्पकन पडायला लागली. त्या गावात लंगडी अजून तशीच खेळत असतील, तर पाप माझ्या माथी.

आणि जेवण यायचं, वेळच्या वेळी. मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा, त्याला ते न्सिमा म्हणतात. बरोबर भोपळ्याच्या पाल्याची भाजी, कधी सरोवरातली बारीक सुकी मासळी, आमच्या सुकटीची चुलत बहीण. ते कुठून यायचं हे मी विचारलं नाही. ताट यायचं, मी जेवायचे, ताट जायचं. माझा नवरा, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, जन्मभर असाच जेवला आणि त्यावरून मी त्याला जन्मभर बोलले. त्या दिवसांत मी त्याच्याहून वाईट होते. तो निदान मीठ कमी आहे म्हणायचा, म्हणजे मीठ कोणीतरी घालतं एवढं त्याला ठाऊक होतं.

तिथे जेवायच्या आधी बाई गुडघ्यावर बसून पाहुण्याच्या हातावर पाणी घालते. रोज एक तरुण मुलगी यायची. एका दुपारी तिच्याऐवजी एक म्हातारी आली. माझ्यासमोर गुडघे टेकताना कट्ट असा आवाज झाला. रोज सकाळी माझ्या पलंगावरून तोच आवाज येतो. मी वाकून बघितलं. डोक्याला फडकं, खाली पांढरे केस, डोळे धुराने लाल.

तिच्या हातातला तांब्या घेतला आणि तिच्या मागे गेले. चर्चच्या पाठीमागे गवताने शाकारलेली झोपडी, तीन दगडांच्या चुली, आणि त्या धुरात अजून दोन म्हाताऱ्या. तिथल्या चर्चच्या पास्टरची बायको तिथेच होती. तिला इंग्रजी येत होतं, मला कामापुरतं. तिने सांगितलं, ह्या गोगो. गोगो म्हणजे आजी. कोणाच्या मुली कामाला शहरात, कोणाच्या आजारात गेल्या. मी ज्या पोरांना लंगडीत पाडत होते ती ह्यांची नातवंडं.

"पण स्वयंपाक ह्यांच्याकडे कसा आला?" मी विचारलं.

"तुमच्या प्रमुखाने फोन केला होता. म्हणाला, आमची बाई नाही म्हणते, तुमच्याकडच्या कोणी मिळतील का?"

मी सोडलेली पळी हवेत राहिली नव्हती. ती सरळ ह्यांच्या हातात जाऊन पडली होती.

आता सोपं होतं. पदर खोचायचा आणि बसायचं चुलीपाशी. दोन पावलं टाकलीसुद्धा मी. मग थांबले. एका म्हातारीला उठवून दुसरी बसवायची, ह्यात सेवा कोणाची झाली? आणि चर्चच्या पुढच्या अंगणात डझनभर धडधाकट पोरं गिटार वाजवत बसली होती.

मी प्रमुखाकडे गेले. "उद्यापासून जेवण मुलं करतील."

"कुठली मुलं?"

"ही. सेवेला आलेली."

"आंटी, त्यांचं शेड्यूल आहे. सकाळी विटा, मग प्रार्थना, दुपारी नाटुकल्याची प्रॅक्टिस."

"नाटुकलं कशावर?"

त्याने गळ्यातली शिट्टी चाचपली. नाटुकलं होतं प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर.

"आंटी, तुम्ही थोडे दिवस केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता."

"थोडे दिवस म्हणूनच मला सासरीही सांगितलं होतं."

"मग मला तुमच्या मुलाला फोन करावा लागेल."

"कर ना. त्याला भात येतो का विचार. येत असेल तर त्यालाही बोलावून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपडीच्या दाराशी चटई टाकून बसले आणि ज्याला जेवायचंय त्याने आत यावं म्हणून सांगितलं. गटात दोन मुलीही होत्या, त्या लगेच उठल्या. "तुम्ही बसा गं," मी म्हटलं. "पोरगे, उठा." उठले बिचारे. माझ्या धाकाने नाही, भुकेने. आत गेले आणि धुराने ढसाढसा रडायला लागले. गोगो आधी हसल्या. मग न्सिमात गुठळ्या झालेल्या बघून एकीने चिडून पोराच्या हातातला लाकडी पळा ओढून घेतला आणि त्याच पळ्याने मला बाहेरची वाट दाखवली. तिची चूल तिच्याकडून काढून घेणारी मी कोण? रागवायचा हक्क होता तिला.

गलका ऐकून पास्टर आला. पाहुण्यांनी चूल फुंकायची म्हणजे गावाची लाज गेली, असं त्याचं म्हणणं. प्रमुख मागे उभा राहून मान हलवत होता.

मी पास्टरच्या बायकोला म्हटलं, "ह्यांना सांग, आम्ही पाहुणे की सेवक ते एकदा ठरवा. पाहुणे असू तर विटा कशाला उचलायच्या? आणि सेवक असू तर आमच्या खुर्च्या काढा."

माझं बोलणं एवढंसं, तिचं भाषांतर लांबच लांब. त्यात तिने स्वतःचं काय काय घातलं ते देव जाणे, पण पास्टर चष्मा काढून पुसायला लागला. पुसून झाल्यावर त्याने पळावाल्या गोगोला काहीतरी विचारलं. तिला काय हवंय ते विचारलं, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं. गोगोने पळा या हातातून त्या हातात घेतला. हा प्रश्न तिला सवयीचा नव्हता. मग ती दोनच शब्द बोलली आणि पास्टरच्या बायकोने तोंडावर हात ठेवला.

"झोपायचंय म्हणते. दिवसाढवळ्या."

आंब्याखाली चटया पडल्या. तिन्ही गोगो आणि मी, चौघी आडव्या झालो. भोवती कोंबड्या चरत होत्या. झोपडीतून करपल्याचा वास आला तेव्हा पळावाली गोगो अर्धवट उठली. मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे बघितलं, झोपडीकडे बघितलं, आणि पुन्हा पडली.

त्या दिवशीच्या न्सिमात पोरांनी माझ्या पिशवीतले सगळ्या आयांचे सगळे मसाले घातले होते. गोगोने एक घास चाखला आणि एक शब्द उच्चारला. पास्टरच्या बायकोने त्याचं भाषांतर करायला नकार दिला. पुढे निघेपर्यंत दुपारचं जेवण मुलांनी केलं. रात्रीचं मात्र गोगोंनी परत घेतलं. असलं अन्न दिवसातून दोनदा खाववत नाही म्हणाल्या. एवढंच जिंकलो आम्ही, अर्धा दिवस.

परत आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. प्रमुख पडद्यावर फोटो दाखवत होता. भिंत, मुलं, प्रार्थना. मग झोपडीच्या दाराशी बसलेली मी.

"आणि ह्या आपल्या आंटी," तो म्हणाला. "आईच्या मायेने ह्यांनी आपलं किचन सांभाळलं."

टाळ्या पडल्या. खोटं बोलावं असं त्याच्या मनात नव्हतं. म्हाताऱ्या बाईसाठी त्याच्या तोंडात तेवढं एकच वाक्य तयार होतं. पण मी तेव्हा बसून राहिले असते तर गावाने जन्मभर हेच सांगितलं असतं, की ती आफ्रिकेला गेली आणि तिथेही रांधून आली. मी उठले.

"थांब. मी स्वयंपाक केला नाही. एक दिवसही नाही. जेवण तिथल्या आज्यांनी केलं आणि ह्या पोरांनी केलं."

तिसऱ्या रांगेतून एक आई ओरडली, "कोणी? आमच्या ह्याने?"

"तुझ्याच. न्सिमा करपवतो, पण भोपळ्याचा पाला बरा करतो."

"घरी पाण्याचा ग्लास उचलत नाही हा!"

मग काय, सगळ्या आया आपापल्या पोरांकडे वळल्या. प्रमुखाने सवयीने शिट्टी वाजवली, कोणी ऐकली नाही. माझा मुलगा फरशी बघत होता. सून रुमालात तोंड घालून हसत होती. "मग आंटी, तुम्ही महिनाभर काय केलंत?" मागून कोणीतरी विचारलं. मी काही म्हणायच्या आत गटातली पोरं ओरडली, "तो झोपलेला फोटो लाव!"

प्रमुखाने तो वगळला होता. पोरांनी लावायला लावला. आंब्याखाली चार म्हाताऱ्या, चौघींची तोंडं उघडी.

"हा राहू दे," मी म्हटलं.

चहा संपला तरी फोटो पडद्यावर होता. फादर माझ्याजवळ आले. "आंटी, चर्चच्या अंकात एक फोटो छापायचाय. मुलं म्हणतात हाच छापा."

"मग छापा."

"पण खाली ओळ काय लिहायची?"

"लिहा, सेवा चालू आहे."

फादरांनी फोटो छापला. ओळ गाळली. म्हणून ती मी इथे लिहिली.